सगळं येतं, पण सुरू होत नाही

माझ्या नवऱ्याच्या मेंदूच्या चाचणीचा निकाल चांगला लागला, त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन घरी आलो. संत तुकाराम नगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये अपघातानंतर प्रत्येकानं काही ना काही केलं होतं. कुणी डबे पोचवले होते, कुणी रक्त द्यायला माणसं गोळा केली होती. तेव्हा चांगली बातमी दारोदारी जाऊन सांगायलाच हवी होती. समोरच्या काकूंनी दार उघडलं. पेढ्यांचा पुडा यांच्या हातात होता, झाकण उघडलेलं होतं. काकू हसून बघत राहिल्या, हेही हसून बघत राहिले. शेवटी मीच पेढा उचलून काकूंच्या हातावर ठेवला.

"मग आता कंपनी कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या सोमवारपासून," हे म्हणाले. आवाज स्वच्छ, उत्तर बरोबर.

खालच्या मजल्यांवरही तसंच झालं. बोलले हे, पेढे दिले मी. मला ते खटकलं होतं, पण माझ्या पर्समध्ये छापील रिपोर्ट होता आणि त्याच्या शेवटच्या ओळीत सगळं सामान्य मर्यादेत असल्याचं लिहिलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. छापलेल्या निकालावर विश्वास ठेवायची सवय अंगात मुरलेली आहे.

हे चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. पत्र्याला आकार देणारी प्रेस बंद पडली की यांना फोन, कन्व्हेयरचा पट्टा अडला की यांना फोन. सुट्टीच्या दिवशी हातात पाना नसला तर चैन पडत नसे. बिल्डिंगमधला एकही मिक्सर असा नसेल जो यांनी कधी ना कधी खोलला नाही. लग्न झालं तेव्हा मला याचा त्रासच व्हायचा. नाटकाला निघालो तर हे जिन्यातला बल्ब बदलायला थांबणार, लग्नाला गेलो तर मांडवातला पंखा का आवाज करतोय ते बघायला स्टुलावर चढणार. "अहो, एका जागी बसा की जरा," असं मी अक्षरशः वर्षानुवर्षं म्हणत आले.

सेकंड शिफ्टवरून मोटरसायकलनं परतताना हे रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभ्या असलेल्या एका ट्रेलरवर मागून आदळले. हेल्मेटनं जीव वाचवला. कपाळाच्या मागे, मेंदूच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी मार बसला होता. ऑपरेशन करावं लागलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा मला ओळखलं, मुलीचं नाव घेतलं, कुठल्या प्रेसचं काम अर्धवट राहिलंय तेही सांगितलं. आयसीयूच्या बाहेर मी आणि माझ्या सासूबाई एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. माणूस जसाच्या तसा परत मिळाला, असं आम्हाला वाटलं.

घरी आणल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी आत चादरी बदलत होते. हे स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले होते.

"दूध उतू जातंय," यांचा आवाज आला.

सांगताहेत म्हणजे बंद करत असतील, असं मी धरून चालले. बाहेर आले तर दूध ओट्यावरून ओघळून फरशीवर पडत होतं आणि हे ते बघत बसले होते. शेगडी हाताच्या अंतरावर होती.

"अहो, बंद नाही का करायचं?"

"करायला हवं होतं," हे म्हणाले. चिडून नाही, ओशाळूनही नाही. दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं.

अशक्तपणा असेल म्हणून मी सोडून दिलं. पण मग तेच तेच दिसायला लागलं. ब्रशवर पेस्ट लावून दिली नाही तर हे बेसिनसमोर उभेच. ताट वाढलं तर व्यवस्थित जेवत. वाढलं नाही तर दुपार टळून गेली तरी भूक लागली म्हणत नसत. दाढी करा म्हटलं की आरशात बघून पहिल्यासारखी गुळगुळीत दाढी करत. पण म्हणावं लागे. आंघोळीला आत पाठवलं तर मी बाहेरून सांगत राहायचं, आता पाणी घ्या, आता साबण लावा, आता पुसा. नाही सांगितलं तर आतून आवाजच यायचा नाही.

मुलगी तेव्हा नववीत होती. एकदा ती फणकाऱ्यानं म्हणाली, "आई, बाबा मुद्दाम करतात. मी गणित अडलं म्हटलं की पटकन सोडवून देतात. मग पाण्याचा ग्लास उचलून ठेवायला काय होतं?"

मलाही कधी कधी तसंच वाटायचं.

डॉक्टरांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आम्हाला एका खाजगी हॉस्पिटलात चाचणीसाठी पाठवलं. तिथला मानसतज्ज्ञ तरुण होता, बोलायला नम्र. त्यानं समजावलं, "स्कॅनमधून मार कुठे बसलाय ते कळतं. आमच्या चाचण्यांमधून त्या मारामुळे काय काय अडतंय ते कळतं. स्मरणशक्ती, लक्ष, भाषा, विचार, सगळं तपासायचं. प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच पद्धतीनं. मग यांच्या वयाच्या, शिक्षणाच्या लोकांशी तुलना करायची. म्हणजे माझ्या किंवा तुमच्या मताचा प्रश्न उरत नाही." मला ते फार आवडलं. घरात नुसती मतंच मतं चालली होती.

त्यानं मला मागे भिंतीशी बसू दिलं, अवाक्षर काढायचं नाही या अटीवर. खोली थंड आणि शांत होती. टेबलावर एका वेळी एकच गोष्ट. त्यानं आकडे म्हटले, यांनी तसेच म्हटले, मग उलटे म्हटले. रंगीत ठोकळे चित्राप्रमाणे मांडायचे होते, ते तर यांनी अशा चपळाईनं मांडले की मला जुने दिवस आठवले. शब्दांची यादी अर्ध्या तासानं पुन्हा विचारली, जवळजवळ सगळी आठवली. एका चित्रात बर्फावरून घसरत जाणारी गाडी होती, ती यांना ओळखता आली नाही. हे राजगुरुनगरजवळच्या खेड्यात वाढलेले. बर्फाची गाडी कुठून ओळखणार? पण तिथे मार्क गेले. मग एका मिनिटात सुचतील तितके प्राणी सांगायचे होते. "गाय, म्हैस, बैल, कुत्रा," हे म्हणाले आणि थांबले. थांबलेच. नंतर मिनिट संपता संपता "शेळी" म्हणाले. मग पुढचा प्रश्न आला.

"घरात गॅसचा वास आला तर काय कराल?"

"दिव्याचं बटण दाबणार नाही," हे लगेच म्हणाले. "आधी रेग्युलेटर बंद. मग खिडक्या उघडायच्या. घरातल्यांना बाहेर काढायचं. मग एजन्सीला फोन."

त्या मुलानं मान डोलावली. मी मागे बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. त्या आनंदातच ते पेढे घेतले गेले.

सोमवारी हे कंपनीत गेले. सकाळी मी तयार करून कंपनीच्या बसमध्ये बसवून दिलं. पहिले काही दिवस बरे गेले, कारण सगळे येऊन भेटत होते, हात धरून चहाला नेत होते. मग भेटायला येणारे थांबले. एका रविवारी यांचे एक जुने सहकारी घरी आले. हे बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर होते. टीव्ही बंद होता. सहकारी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण भाऊ काम करत नाहीत. स्टुलावर बसून राहतात. परवा प्रेसखाली ऑइल गळत होतं. मला म्हणाले, ऑइल गळतंय. मला वाटलं, बघताहेत. वीस पावलांवर उभे होते, पण जागचे हलले नाहीत. एक कामगार घसरून पडला, हात मोडला त्याचा."

"तुम्ही वर सांगितलं नाहीत का, की अजून बरं नाही म्हणून?"

"सांगितलं हो. पण ते रिपोर्ट दाखवतात."

दोन दिवसांनी एचआरमधून मला फोन आला. बाई चांगल्या बोलत होत्या. "मॅडम, आमच्यासमोर रिपोर्ट आहे. मेमरी चांगली, बुद्धी चांगली, सुरक्षेच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर. माहीत असून करत नाहीत, याचा आम्ही काय अर्थ घ्यायचा?"

अर्थ सरळ होता आणि तो कंपनीत सगळ्यांनी घेतलाही होता. कामचुकार. आयुष्यात कधी एका जागी न बसलेल्या माणसाला तो शब्द लागला आणि त्याला पुरावा म्हणून जो कागद होता तो मीच कंपनीच्या फाईलला लावून दिला होता.

गावाहून सासूबाईंचा फोन आला. त्यांना माझ्या दिरांनी काय सांगितलं होतं देव जाणे. "त्याला काय बी झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "दागतरानं तपासून लिवून दिलंय नव्हं? त्यो चांगला हाय. तूच त्याला हातात दिऊन दिऊन बसवून ठिवलास."

मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. तेव्हा पहिल्यांदा मला स्पष्ट कळलं की मी अडकले आहे. रिपोर्ट वाईट आला असता तर लोकांनी दया केली असती, मदत केली असती. रिपोर्ट चांगला होता. त्यामुळे हे बरे होते. हे बरे होते, त्यामुळे जे काही बिघडलं होतं ते माझ्यात तरी होतं, नाहीतर यांच्या स्वभावात. बाहेर पडायची एकही वाट त्या कागदानं मोकळी ठेवली नव्हती.

पुढे कंपनीनं यांना काही दिवस घरीच थांबायला सांगितलं, तेव्हा गॅसचा प्रसंग घडला. सकाळची वेळ, मुलगी शाळेत गेलेली. मी चहा उकळत ठेवून आंघोळीला गेले. चहा उतू जाऊन शेगडी विझली असावी. बाथरूमचं दार उघडलं आणि वास नाकात शिरला. धावत जाऊन आधी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. हे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते.

"अहो, वास नाही आला तुम्हाला?"

"आला ना. मघापासून येतोय."

"मग?"

यांनी खरंच विचार केला. कपाळाला आठी पडली, ओठ हलले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय करायचं ते माहीत होतं गं. पण ते सुरूच झालं नाही."

मी यांच्या शेजारी खाली फरशीवर बसले. त्या खोलीत दिलेलं ते सुरेख उत्तर माझ्या कानात वाजत होतं.

त्यानंतर मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली, कारण यांना एकटं सोडायचं धाडस होईना. भाजीला जायचं असलं तर सिलिंडर बंद करायचे, पाण्याचे नळ बघायचे आणि बाहेरून कुलूप लावून जायचे. एकदा शाळेत सही करायला आकुर्डीला जावं लागलं. बस उशिरा मिळाली, परत यायला फार वेळ झाला. जिना मी धावतच चढले. दार वाजवून वाजवून दमले असतील, शेजारी जमले असतील, काय काय मनात आलं. कुलूप काढलं. हे मी सोडून गेले त्याच खुर्चीत, त्याच बाजूला मान करून बसले होते.

"कुलूप लावलं होतं मी. तुम्हाला कळलं का?"

"नाही," हे म्हणाले. "बाहेर कुठे जायचं होतं का?"

मला हसू आलं आणि लगेच रडू. मी कोंडून गेले होते ते यांना लागलंच नव्हतं. कुलूप लागलं होतं ते मला. मी बाजारात उभी असले तरी आत असायचे. टोमॅटो निवडताना, रिक्षात बसताना, मुलीच्या पालकसभेत, सगळीकडे डोक्यात ती खुर्ची. आणि घरी असले की माझ्या प्रत्येक तासाला यांचा तास जोडलेला. मी उठवलं तर उठणार, मी थांबले तर थांबणार. झोपेतसुद्धा मी "आता पाणी घ्या" म्हणते, असं मुलीनं एकदा सांगितलं.

शाळेतल्या एका मैत्रिणीनं पिंपरीतल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या एका ज्येष्ठ मानसतज्ज्ञ बाईंचं नाव सुचवलं. मी नाही म्हणत होते. पुन्हा चाचणी, पुन्हा पास, पुन्हा तोच कागद. तो आणखी एक कागद मला नको होता. मैत्रिणीनं स्वतःच नंबर लावला.

तिथे बाकावर माझ्या शेजारी लातूरकडची एक बाई बसली होती. तिचा भाऊ टेम्पो चालवायचा, त्यालाही डोक्याला मार लागला होता. भाऊ अगदी गप्पिष्ट, येणाऱ्याजाणाऱ्याला हसवत होता. ती म्हणाली, "बघा की कसा बोलायलाय. सगळे म्हणायचे नाटक करायलाय, काम नको म्हणून इसरलो म्हणतोय. बाईंनी चाचणी घेतली तवा कळलं, नवीन काहीच डोक्यात ऱ्हात नाही त्याच्या. दहा मिनिटांमागचं पुसून जातंय. त्या चाचणीनं वाचवलं बघा आमाला."

मला तिचा हेवा वाटला. तिचा भाऊ नापास झाला होता.

बाईंनी आम्हाला आत घेतलं. पन्नाशी उलटलेली, बारीक चणीची बाई, चष्मा डोक्यावर. जुना रिपोर्ट त्यांनी बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "सकाळी उठल्यापासून घरात काय काय होतं, ते सांगा." हा प्रश्न तोवर मला कुणीच विचारला नव्हता. मी दुधापासून गॅसपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला, मधेच रडले. हे शेजारी बसून ऐकत होते. "असंच होतं," असं एकदा म्हणालेसुद्धा.

मग त्यांनी रिपोर्टची पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. "इथे बघा. प्राण्यांची नावं. अगदी काठावर आहेत. तुमच्या घरात जे चाललंय त्याची खूण इथे होती. पण बाकीचे सगळे आकडे इतके चांगले आहेत की सरासरीत ती बुडून गेली."

"म्हणजे चाचणी चुकीची होती?"

"नाही, नाही. चाचणी नीट घेतलेली आहे. यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, समज शाबूत आहे, हे तिच्यामुळेच खात्रीनं सांगता येतं. ती नसती तर कुणी यांना वेडं ठरवलं असतं, कुणी विसरभोळं. बाहेर बसलेल्या त्या टेम्पोवाल्याचं तर तिच्याशिवाय कुणाला खरं वाटलं नसतं." त्यांनी रिपोर्ट मिटला. "पण या खोलीत काय असतं बघा. टेबल मी मांडते. एका वेळी एकच काम देते. करा म्हणते मी, थांबा म्हणते मी. यांच्या मेंदूचा जो भाग काम सुरू करून देतो, त्याची जागा इथे मी घेतलेली असते. मग तो भाग बिघडलाय हे माझ्या चाचणीत कसं दिसावं?"

मी यांच्याकडे बघितलं. हे बाईंच्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होते.

"चला, आपण चहा करू," बाई उठल्या.

ओपीडीच्या मागे कर्मचाऱ्यांसाठी एक छोटं स्वयंपाकघर होतं. बाईंनी आधी यांना चहा कसा करतात ते विचारलं. यांनी छान सांगितलं, आलं कधी घालायचं तेसुद्धा. मग बाई म्हणाल्या, "आपल्या तिघांसाठी चहा करा. सामान सगळं समोर आहे. मी आता काही बोलणार नाही." आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

यांनी पातेलं घेतलं. पाणी घेतलं, अंदाज बरोबर. शेगडी पेटवली, पातेलं वर ठेवलं. आणि उभे राहिले. पाण्याला बुडबुडे आले. साखरेचा डबा उजव्या हाताशी होता. यांची नजर डब्यावर होती. पाणी खळखळायला लागलं. माझ्या जिभेवर "साखर" हा शब्द येऊन बसला होता. तो मी गिळला. बाई भिंतीला टेकून शांत उभ्या होत्या.

"पाणी उकळतंय," हे म्हणाले.

कुणीच काही बोललं नाही. पाणी आटायला लागलं. यांच्या कपाळावर तीच आठी आली. हात किंचित हलला आणि परत खाली गेला. मला वाटलं, मी आता ओरडेन.

तेवढ्यात बाई हळूच म्हणाल्या, "हं."

नुसतं हं. यांनी लगेच साखर घातली. आणि थांबले. पुन्हा "हं." चहा पावडर पडली. पुन्हा थांबले. "हं." आलं किसलं, दूध ओतलं, गाळलं. प्रत्येक पायरीच्या आधी एक हं. चहा झाला आणि तो उत्तम झाला होता.

बाईंनी कप हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "हे आळशी नाहीत. हट्टी नाहीत. आणि तुमचं काही चुकलेलं नाही."

मी त्या स्वयंपाकघरात उभी राहून ढसाढसा रडले. माझा नवरा नापास झाला होता आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. पण कप अर्धा संपेपर्यंत दुसरी गोष्ट ध्यानात आली. घरी हं कोण म्हणणार होतं? आज, उद्या, पुढच्या वर्षी, मुलगी शिकून निघून गेल्यावर? बाईंना तसं विचारलं तेव्हा त्यांनी खोटा धीर दिला नाही. "थोडं सुधारेल. सगळं नाही," एवढंच म्हणाल्या.

नव्या रिपोर्टमध्ये त्यांनी आकड्यांसोबत चहाची सगळी हकीगत लिहिली. एचआरच्या बाईंनी ती वाचली आणि मला फोन करून चहाचं सगळं पुन्हा नीट विचारून घेतलं. नंतर यांना मेंटेनन्समधून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं. शेजारचा माणूस एकेक भाग हातात देतो, हे तो बघतात, चांगला की खराब ते सांगतात, की पुढचा भाग येतो. ते काम हे झकास करतात, कारण येणारा प्रत्येक भाग यांना हं म्हणतो. पूर्वी जे यांच्या हाताखाली होते ते आता वरचे झाले. यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

घरासाठी आम्ही फोनवर गजर लावून बघितले. मुलीनं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं, "बाबा, आंघोळ." महिनाभर चाललं. मग हे फोनकडे बघून म्हणायला लागले, "गजर वाजतोय," आणि बसून राहायचे. माणूसच लागतं, हे कळलं.

शेवटी मी सासूबाईंना घेऊन त्या बाईंकडे गेले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "म्हंजी त्याला हाक मारायची, यवढंच ना?"

"एवढंच. पण दिवसभर," बाई म्हणाल्या.

"जनमभर तेच तर केलंय की."

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि मी शाळेत परत गेले. यांची कामाची वेळ सोडली तर घरात सारखा त्यांचा आवाज. "ऊठ रं. आंगुळ कर. अरं, साबण लाव." त्यांच्या हाकेला हे माझ्यापेक्षा लवकर उठतात. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत त्यांचा जीव रमत नाही. गावाकडचं अंगण नाही, बोलायला कुणी नाही, गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. संध्याकाळी त्या खिडकीच्या गजांना धरून उभ्या असतात. मी घरी आले की म्हणतात, "आलीस? आता तू बघ." आम्ही दोघी पाळी बदलतो, कंपनीत शिफ्ट बदलते तशी.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीनं पुन्हा चाचणी करून आणायला सांगितलं. आकडे आधीपेक्षा वर गेले होते. मुलगी खूश झाली. बाईंनी तिला समजावलं, "तेच ठोकळे, तशाच याद्या. दुसऱ्यांदा सोडवताना थोडं सोपं जातंच. घरचं काय ते मला आईला विचारू दे."

त्याच सुट्टीत सासूबाई थोडे दिवस गावी गेल्या होत्या. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. दुपारची जेवणं उरकून मी आणि हे बाल्कनीत बसलो होतो. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. मी सहज विचारलं, "असं बसून असता तेव्हा आत काय चाललेलं असतं हो?"

"काही नाही. शांत असतं," हे म्हणाले. "कुणी धरून ठेवलंय असं नसतं. फक्त निघ असं कुणी म्हणत नाही."

"कोंडल्यासारखं वाटत नाही?"

"नाही."

खाली कुणीतरी बाद झालं, त्यावरून भांडण लागलं. ते मिटलं. मी वाळलेले कपडे काढायला उठणार तेवढ्यात हे म्हणाले, "तुला वाटतं का?"

मी वळून बघितलं. अपघात झाल्यापासून यांनी मनानं मला माझ्याबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी हं म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "फार वाटतं."

यांनी मान हलवली. "मग जरा बाहेर जाऊन ये."

मी चपला घातल्या आणि खाली उतरले. कुलूप लावलं नाही. कॉलनीतल्या बागेला दोन फेऱ्या मारल्या, उसाचा रस प्यायले, ओळखीच्या एका बाईशी उगाचच उन्हाबद्दल बोलत राहिले. परत आले तेव्हा हे तिथेच बसलेले होते. ऊन सरकून यांच्या तोंडावर आलं होतं आणि डोळे बारीक करून हे ते सोसत होते. मी खुर्ची सावलीत ओढली.

बाईंना मी हे कळवलं. त्या म्हणाल्या, "हे कुठल्याच चाचणीत मोजता आलं नसतं." आणि मग, माझ्या आवाजातली आशा ओळखून असेल, म्हणाल्या, "पण यावर फार भिस्त ठेवू नका."

त्यानंतर यांनी पुन्हा तसं काही विचारलेलं नाही. सासूबाई गावाहून परत आल्या आहेत. शाळा सुरू झाली आहे. सकाळी मी निघते तेव्हा आतून त्यांची हाक ऐकू येते आणि त्यापाठोपाठ बाथरूममध्ये पाणी पडल्याचा आवाज. तो आवाज ऐकूनच मी जिना उतरते.